डॉरिस डे यांची कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या अमेरिकी गाण्यांची आणि चित्रपटांची आवड असलेले वाचक डॉरिस डे यांच्याविषयी जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा तपशील दुसऱ्या उत्तरात विस्ताराने आला असेल, तर पुनरुक्ती टाळण्यासाठी तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डॉरिस डे यांना मुळात गायिका म्हणायचे की अभिनेत्री?

कालक्रम पाहिला तर आधी गायिका. १९३९ च्या सुमारास त्या वाद्यवृंदांबरोबर गाऊ लागल्या, १९४५ मध्ये त्यांचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि १९४८ मध्ये त्यांचा पहिला चित्रपट आला. पुढच्या वीस वर्षांत त्यांनी ३९ चित्रपट केले आणि त्याला लागूनच १९६८ ते १९७३ अशी पाच वर्षे दूरचित्रवाणी मालिका केली. चित्रपट चालू असतानाही, १९६७ पर्यंत, कोलंबिया कंपनीसाठी त्यांचे ध्वनिमुद्रण सुरूच होते.

ही विभागणी मात्र मला फारशी उपयोगाची वाटत नाही. गाताना त्या समोर बसलेल्या कुणा एकाशी बोलावे तसे शब्द उच्चारत असत, आणि अभिनय करताना संवादातली लय, थांबे आणि आवाजातली चढउतार गायिकेच्या कानाने सांभाळत असत. ‘गोड चेहऱ्याची, गोड आवाजाची नायिका’ एवढ्यावर त्यांची बोळवण केली जाते तेव्हा हे कौशल्य नजरेआड होते, आणि तो त्यांच्यावर खरोखरच अन्याय आहे.

२. त्यांचे खरे नाव काय होते आणि ‘डे’ हे आडनाव कुठून आले?

जन्मनाव डॉरिस मेरी अॅन कॅपलहॉफ. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात, जर्मन वंशाच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील संगीतशिक्षक होते. १९३९ मध्ये बार्नी रॅप या स्थानिक वाद्यवृंदप्रमुखाने त्यांना गायला घेतले, तेव्हा एवढे लांब आडनाव जाहिरातीच्या फलकावर मावणार नाही, अशी अडचण पुढे आली. ‘डे आफ्टर डे’ हे गाणे त्या छान गात असत, म्हणून रॅप यांनी त्यातूनच नवे आडनाव सुचवले. डॉरिस यांना स्वतःला ते नाव कधीच फारसे आवडले नाही.

३. जन्मवर्ष काही ठिकाणी १९२२ आणि काही ठिकाणी १९२४ असे का दिसते?

बरोबर वर्ष १९२२, तारीख ३ एप्रिल. अनेक दशके सर्वत्र १९२४ हेच वर्ष छापले जात होते आणि स्वतः डॉरिस डेसुद्धा तेच धरून चालत होत्या. एप्रिल २०१७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्यांचा जन्मदाखला मिळवला, तेव्हा आपण ९३ नव्हे तर ९५ वर्षांच्या झालो आहोत हे त्यांच्यासह सर्वांना कळले. त्याआधी छापलेल्या पुस्तकांत आणि तबकड्यांच्या वेष्टनांवर जुने वर्ष सापडते ते यामुळेच. या दोन वर्षांच्या फरकाने एका विक्रमाचा हिशेबही बदलतो. त्यासाठी प्रश्न २० पाहावा.

४. त्या नर्तिका होणार होत्या आणि अपघातामुळे गायिका झाल्या, हे खरे आहे का?

हो. जेरी डोहर्टी या मुलाबरोबर त्यांची नृत्याची जोडी होती. सिनसिनाटीतल्या एका स्पर्धेत दोघांनी बक्षीस मिळवले होते आणि हॉलिवुडला मुक्काम हलवण्याची तयारी चालली होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये ओहायोतल्याच हॅमिल्टन गावी त्या बसलेल्या मोटारीला आगगाडीची धडक बसली आणि त्यांचा उजवा पाय जबर मोडला. वय पंधरा. नाचण्याचा विषय तिथेच संपला.

अंथरुणाला खिळून राहावे लागले त्या काळात घरातला रेडिओ हीच सोबत होती. त्या रेडिओवरच्या गायिकांच्या सुरात सूर मिसळून गाऊ लागल्या. एला फिट्झजेराल्ड यांच्या आवाजाने त्यांना सर्वाधिक ओढून घेतले, आणि शब्द किती सहजपणे, किती स्वच्छ उमटतात हे त्या बारकाईने ऐकत राहिल्या. मुलीचा कल पाहून आईने ग्रेस रेन या शिक्षिकेकडे गाण्याची शिकवणी लावली. रेनबाईंचा भर गळ्याच्या कसरतींपेक्षा गाण्याच्या अर्थावर होता. पुढच्या तीस वर्षांतली डॉरिस डे यांची कोणतीही ध्वनिमुद्रिका लावली की या दोन्ही संस्कारांचा पुरावा ऐकू येतो. प्रत्येक शब्द सुटा आणि स्पष्ट असतो, पण कुठेही ठासून म्हटलेला वाटत नाही.

५. ‘सेंटिमेंटल जर्नी’ एवढे का गाजले?

बॉब क्रॉस्बी यांच्याकडे थोडा काळ गायल्यावर डॉरिस डे १९४० मध्ये लेस ब्राऊन यांच्या वाद्यवृंदात आल्या, लग्नासाठी बाहेर पडल्या आणि १९४३ मध्ये परतल्या. त्या वेळी अमेरिकेत वादकांच्या संघटनेचा संप चालू होता आणि मोठ्या कंपन्यांचे ध्वनिमुद्रण जवळजवळ ठप्प होते. नोव्हेंबर १९४४ मध्ये कोलंबियाशी तडजोड झाली आणि त्याच महिन्यात हे गाणे मुद्रित झाले. ते बाजारात आले १९४५ च्या सुरुवातीला, म्हणजे युद्ध संपत आलेले आणि लाखो सैनिक घरी परतण्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असताना. गाण्याचा विषय घराकडचा प्रवास. ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

योग जुळून आला हे खरे, तरी श्रेय नुसत्या योगायोगाला देऊ नये. या गाण्यात भावनेचा अतिरेक करायला भरपूर वाव होता. डॉरिस डे यांनी आवाज अगदी सैल, किंचित थकलेला आणि समाधानी ठेवला आहे. गाडीच्या डब्यात खिडकीशी बसलेला माणूस जसा स्वतःशी गुणगुणेल, त्याच पट्टीत ते गाणे राहते.

६. चित्रपटांतली गाणी त्या स्वतःच गात होत्या, की आपल्याकडच्यासारखे पार्श्वगायन होते?

गाणी त्यांचीच. आपल्या वाचकांना ही शंका येणे स्वाभाविक आहे, आणि ती हॉलिवुडच्या बाबतीतही रास्त आहे, कारण तिथेही उसना आवाज वापरला जात होताच. डेबोरा कर, नॅटली वुड आणि ऑड्री हेपबर्न यांच्यासाठी मार्नी निक्सन यांनी गायलेली गाणी प्रसिद्धच आहेत, मात्र त्या काळी पडद्यावर निक्सन यांचे नाव दिले गेले नव्हते.

एक तपशील इथे लक्षात घ्यावा. गाणे स्वतःचे असले तरी ते चित्रीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष गायलेले नसे. ते आधी स्टुडिओत मुद्रित होई आणि चित्रीकरणात ती फीत वाजवून त्यावर ओठ हलवले जात. त्यामुळे मुद्रणाच्या वेळीच, दृश्य समोर नसताना, पात्राची मनःस्थिती आवाजात आणावी लागे. ‘कॅलॅमिटी जेन’ (१९५३) मधले ‘सीक्रेट लव्ह’ त्यांनी एकाच टेकमध्ये गायले असे सांगितले जाते. ऐकताना ते पटते. हलक्या कुजबुजीपासून मोकळ्या माळरानावर दिलेल्या हाकेपर्यंत आवाज ज्या एका उमाळ्यात चढत जातो, तो तुकडे जोडून साधणे अवघड आहे.

७. अभिनयाचा काहीही अनुभव नसताना पहिला चित्रपट कसा मिळाला?

वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीच्या ‘रोमान्स ऑन द हाय सीज’साठी बेटी हटन ठरल्या होत्या, पण गरोदरपणामुळे त्यांना ते काम करता आले नाही. चित्रपटाची गाणी करणारे ज्यूल स्टाइन आणि सॅमी कान यांनी डॉरिस डे यांना ऐकले होते आणि त्यांनीच दिग्दर्शक मायकेल कर्टिझ यांच्याकडे शब्द टाकला. डॉरिस डे यांचा दुसरा संसार त्याच सुमारास मोडत होता आणि चाचणीच्या वेळी त्यांना रडू आवरत नव्हते. आपल्याला अभिनय येत नाही, हेही त्यांनी सरळ सांगून टाकले. कर्टिझ यांना तो सरळपणाच भावला, आणि त्यांनी डॉरिस डे यांच्याशी स्वतःच करार केला. चित्रपट १९४८ मध्ये आला. त्यातल्या ‘इट्स मॅजिक’ला ऑस्कर नामांकन मिळाले.

८. वॉर्नरच्या काळातले सगळे चित्रपट गोडगोड संगीतपटच होते का?

बरेचसे तसे होते, हे मान्य करायला हवे. ‘टी फॉर टू’, ‘ऑन मूनलाइट बे’ वगैरे चित्रपट आज पाहताना कथा विरळ वाटते, आणि गाण्यांपुरते पाहिले तरी चालते. पण तीन अपवाद ध्यानात ठेवावेत.

‘यंग मॅन विथ अ हॉर्न’ (१९५०) मध्ये त्या कर्क डग्लस आणि लॉरेन बकॉल यांच्यासमोर आहेत, आणि वाद्यवृंदातल्या गायिकेची भूमिका स्वतःच्या अनुभवामुळे जिवंत झाली आहे. ‘स्टॉर्म वॉर्निंग’ (१९५१) हा कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी गुप्त संघटनेच्या दहशतीवरचा चित्रपट असून त्यात त्यांना एकही गाणे नाही. जिंजर रॉजर्स यांच्या धाकट्या बहिणीची ती भूमिका आहे. हेच काम आल्फ्रेड हिचकॉक यांच्या लक्षात राहिले, त्याचा परिणाम प्रश्न १० मध्ये दिसेल. तिसरा अपवाद ‘कॅलॅमिटी जेन’. तो संगीतपटच आहे, पण पुरुषी पोशाखातली, बंदूक बाळगणारी, बढाया मारणारी जेन त्यांनी ज्या रांगड्या जोमाने उभी केली आहे, तो पाहिल्यावर ‘सोज्ज्वळ शेजारीण’ ही प्रतिमा किती अपुरी आहे ते कळते.

९. ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’ला त्यांच्या कारकिर्दीतला टप्पा का मानतात?

वॉर्नरशी असलेला करार संपल्यावर त्यांनी एमजीएम या दुसऱ्या चित्रपट कंपनीसाठी १९५५ मध्ये हा चित्रपट केला. १९२०-३० च्या दशकांतली गायिका रूथ एटिंग आणि तिचा गुंड प्रवृत्तीचा नवरा-व्यवस्थापक यांची ती कहाणी आहे. नवऱ्याची भूमिका जेम्स कॅग्नी यांची होती, आणि रूथसाठी डॉरिस डे यांचे नाव त्यांनीच सुचवले होते.

या चित्रपटातली नायिका महत्त्वाकांक्षी आहे. नावलौकिकासाठी ती नको त्या माणसाची मदत घेते आणि नंतर त्याची किंमत मोजते. ती पिते, खोटे बोलते आणि मार खाते. कॅग्नी यांच्या धसमुसळ्या अभिनयापुढे बहुतेक जण झाकोळले जात, डॉरिस डे मात्र ठाम उभ्या राहतात, त्याही आवाज न चढवता. गाण्यांचे कामही अवघड होते. एटिंग यांची प्रसिद्ध गाणी गायची, पण त्यांची नक्कल करायची नाही. त्या गाण्यांची तबकडी अमेरिकेत १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. कॅग्नी यांना ऑस्करचे नामांकन मिळाले, डॉरिस डे यांना मिळाले नाही. माझ्या मते त्यांच्या सर्व भूमिकांमध्ये ही सर्वांत मोठी भूमिका आहे.

१०. ‘के सेरा, सेरा’ मुळात कोणत्या चित्रपटातले आहे? ते तीन-चार चित्रपटांत ऐकल्यासारखे वाटते.

मूळ चित्रपट हिचकॉक यांचा ‘द मॅन हू न्यू टू मच’ (१९५६). गीत-संगीत जे लिव्हिंगस्टन आणि रे इव्हान्स यांचे. डॉरिस डे यांना आधी ते लहान मुलांचे गाणे वाटले होते आणि ते फार चालेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. प्रत्यक्षात ते अमेरिकेत दुसऱ्या आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले.

हे गाणे सुटे ऐकणाऱ्यांना ते चित्रपटात काय काम करते याची कल्पना येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नायिका जो ही पूर्वीची नामांकित गायिका आहे आणि डॉक्टर नवऱ्यासाठी तिने गाणे सोडले आहे. सुरुवातीला ती हे गाणे मुलाला झोपवताना म्हणते आणि मुलगा शीळ घालून साथ देतो. पुढे मुलाचे अपहरण होते. शेवटी लंडनमधल्या एका वकिलातीत, वरच्या मजल्यावर मुलगा कोंडलेला असताना, खाली पाहुण्यांनी भरलेल्या दिवाणखान्यात जो पियानोशी बसते आणि तेच गाणे म्हणू लागते. आवाज मुद्दाम मोठा लावते, इतका की बैठकीतले पाहुणे जरा चमकतात. मग कॅमेरा दिवाणखाना सोडून एकेक जिना, एकेक बोळ दाखवत वर सरकतो आणि आवाज अंधूक होत जातो. बंद खोलीत तो पोहोचतो तेव्हा मुलगा कान टवकारतो आणि शीळ घालतो. ओठांवर यजमानांसाठी हसू, आवाजात आईची आर्त हाक आणि हात पियानोवर, हे तिन्ही एकाच वेळी सांभाळायचे होते. गाणे आणि अभिनय वेगळे करता येत नाहीत, हे प्रश्न १ मध्ये म्हटले आहे, त्याला याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

याच चित्रपटात मुलाच्या अपहरणाची बातमी सांगण्याआधी नवरा तिला झोपेचे औषध देतो. गुंगी चढत असताना आक्रोश करणाऱ्या जोचे ते दृश्यही आवर्जून पाहावे. त्यात गाण्याचा आधारही नाही.

आता अपवाद. ‘प्लीज डोन्ट ईट द डेझीज’ (१९६०) आणि ‘द ग्लास बॉटम बोट’ (१९६६) या चित्रपटांतही त्यांनी या गाण्याच्या ओळी म्हटल्या आहेत, आणि त्यांच्या दूरचित्रवाणी मालिकेचे ते शीर्षकगीत होते. त्यामुळे आपल्याला आठवते ते चुकीचे नाही.

११. ‘पुकार’मधले ‘के सेरा सेरा’ हे त्याच गाण्याचे हिंदी रूप आहे का?

नाही. २००० सालच्या ‘पुकार’मधल्या गाण्याला ए. आर. रेहमान यांचे स्वतंत्र संगीत आहे. माधुरी दीक्षित आणि प्रभुदेवा यांच्या नृत्यामुळे गाजलेल्या त्या गाण्याने मूळ गाण्याचे फक्त पालुपदातले शब्द घेतले आहेत, चाल नाही. चाल घेतलेले गाणे हवे असेल तर १९५७ च्या ‘आरवल्ली’ या तमिळ चित्रपटातले ‘चिन्न पेण्णान पोदिले’ ऐकावे. ते मूळ गाण्यानंतर वर्षभरातच आले होते.

१२. त्यांना ऑस्कर मिळाले की नाही? दोन ऑस्करविजेती गाणी त्यांच्या नावावर दिसतात.

अभिनयासाठी एकच नामांकन, तेही ‘पिलो टॉक’ (१९५९) साठी. पुरस्कार सिमोन सिन्योरे यांना गेला. ‘सीक्रेट लव्ह’ आणि ‘के सेरा, सेरा’ या दोन गाण्यांना ऑस्कर मिळाले हे बरोबर आहे, पण तो पुरस्कार गीतकार आणि संगीतकारांचा असतो, गाणाऱ्याचा नसतो. १९५६ च्या गाण्यांमध्ये तर त्यांची दोन गाणी एकमेकांसमोर नामांकित होती. ‘के सेरा, सेरा’बरोबर ‘ज्युली’ या चित्रपटाचे शीर्षकगीतही यादीत होते.

मानद ऑस्कर त्यांना कधीच दिले गेले नाही. गोल्डन ग्लोबचा सेसिल बी. डमिल पुरस्कार (१९८९), अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्यपदक (२००४) आणि ग्रॅमीचा जीवनगौरव (२००८) हे मोठे सन्मान मिळाले. विमानप्रवासाच्या भीतीमुळे पदक घ्यायला त्या गेल्या नाहीत.

१३. रॉक हडसन यांच्याबरोबर त्यांनी किती चित्रपट केले?

फक्त तीन : ‘पिलो टॉक’ (१९५९), ‘लव्हर कम बॅक’ (१९६१) आणि ‘सेंड मी नो फ्लॉवर्स’ (१९६४). तिन्हींत विनोदी अभिनेते टोनी रँडलही आहेत. जोडी मनात इतकी ठसली आहे की कॅरी ग्रँट किंवा जेम्स गार्नर यांच्याबरोबरचे चित्रपटही लोक हडसन यांच्या नावावर टाकतात.

‘पिलो टॉक’चा सगळा डोलारा टेलिफोनवर उभा आहे. त्या काळी दोन घरांत मिळून एकच लाइन असण्याची पद्धत होती. गृहसजावट करणारी जॅन आणि प्रेमगीते लिहिणारा ब्रॅड यांची लाइन सामायिक आहे, आणि हा गृहस्थ तासन्‌तास मैत्रिणींशी बोलत असल्यामुळे तिला कामाचा फोन करता येत नाही. दोघे आपापल्या घरी, आपापल्या न्हाणीघरात टबात पडून फोनवर बोलतात आणि पडदा मधोमध दुभागलेला असतो. पाय दुभाजक रेषेला टेकतात तेव्हा ते एकमेकांच्या पायांना लागल्यासारखे दिसतात. अशा प्रसंगात विनोद साधण्यासाठी लागणारे वेळेचे भान डॉरिस डे यांच्याकडे पुरेपूर होते.

मैत्री पडद्यापलीकडेही टिकली. जुलै १९८५ मध्ये त्यांच्या प्राण्यांवरच्या कार्यक्रमासाठी हडसन आजारपणातही आले. एड्समुळे खंगलेले त्यांचे रूप जगाने तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले.

१४. त्यांच्या भूमिका फार बाळबोध होत्या, अशी टीका होते. ती बरोबर आहे का?

टीका ज्या चित्रपटांवरून होते, ते १९५९ ते १९६४ मधले प्रेमपट. लग्नाआधी पुरुषाला जवळ न येऊ देणारी चाळिशीकडे झुकलेली स्त्री, अशी त्यांची टिंगल तेव्हापासून चालू आहे. पण त्या नायिका काय करतात ते नीट पाहावे. जॅन स्वतःचा व्यवसाय करते, स्वतःचे घर चालवते आणि ब्रॅडने आपल्याला फसवले हे कळताच त्याच्या घराची सजावट मुद्दाम भयंकर करून सूड घेते. ‘लव्हर कम बॅक’मध्ये ती जाहिरात क्षेत्रात प्रतिस्पर्ध्याशी झुंजते. ‘द पजामा गेम’ (१९५७) मध्ये ती कारखान्यातल्या कामगार संघटनेची पुढारी आहे आणि साडेसात सेंटच्या पगारवाढीसाठी प्रियकराशीही भांडते. नोकरी-व्यवसाय करणारी आणि त्याबद्दल अपराधी न वाटणारी नायिका त्या काळच्या हॉलिवुडमध्ये इतक्या सातत्याने दुसऱ्या कुणी साकारली असेल असे मला वाटत नाही.

टीकेचा एक भाग मात्र खरा आहे. पटकथा शेवटी या स्त्रीला बहुधा लग्नाच्या चौकटीतच नेऊन बसवतात, आणि १९६५ नंतरच्या काही चित्रपटांत तर नायिकेचे वय आणि प्रसंग यांचा मेळच बसत नाही.

१५. त्या खरोखरच पहिल्या क्रमांकाच्या तारका होत्या का?

होत्या. अमेरिकेतल्या चित्रपटगृहचालकांच्या मतांवरून दरवर्षी निघणाऱ्या क्विग्ली यादीत १९६०, १९६२, १९६३ आणि १९६४ अशी चार वर्षे त्या पहिल्या होत्या. पुरुष आणि स्त्रिया दोन्ही या यादीत एकत्र असतात. चार वेळा पहिला क्रमांक त्याआधी स्त्रियांपैकी फक्त शर्ली टेंपल या बालतारकेने मिळवला होता.

१६. ‘द ग्रॅज्युएट’मधली मिसेस रॉबिन्सन त्यांना देऊ केली होती, ही अफवा आहे का?

अफवा नाही. १९६७ च्या त्या चित्रपटात मिसेस रॉबिन्सन ही एका तरुणाला भुलवणारी विवाहित, वयाने मोठी स्त्री आहे. संहिता त्यांच्याकडे आली होती आणि ती आपल्याला रुचली नाही, असे त्यांनी आत्मकथनात स्पष्ट म्हटले आहे. भूमिका अॅन बॅनक्रॉफ्ट यांनी केली.

१७. एवढी कमाई असूनही त्या कर्जबाजारी कशा झाल्या?

तिसरे पती मार्टिन मेल्चर हे त्यांचे व्यवस्थापक आणि अनेक चित्रपटांचे निर्माते होते, आणि पैशांचा सगळा कारभार त्यांनी जेरोम रोझेन्थल या वकिलाच्या हाती सोपवला होता. एप्रिल १९६८ मध्ये मेल्चर वारले तेव्हा दोन गोष्टी उघड झाल्या. तेलविहिरी, हॉटेले वगैरेंत गुंतवलेली वीस वर्षांची कमाई बुडाली होती आणि वर देणी उभी होती. शिवाय मेल्चर यांनी त्यांना न विचारता दूरचित्रवाणी मालिकेचा करार करून ठेवला होता.

त्यांनी वकिलाविरुद्ध दावा लावला. सप्टेंबर १९७४ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने सुमारे २ कोटी २८ लाख डॉलरचा निवाडा दिला. इथे अनेक लेखांत गफलत होते. एवढी रक्कम त्यांच्या हाती आली नाही, विमा कंपन्यांशी झालेल्या तडजोडीतून मिळालेले पैसे त्यापेक्षा बरेच कमी होते. मेल्चर यांनी जाणूनबुजून फसवले, असे मात्र डॉरिस डे यांनी कधी मानले नाही. त्यांनी चुकीच्या माणसावर विश्वास टाकला, एवढेच त्या म्हणत राहिल्या.

१८. ‘द डॉरिस डे शो’मधल्या नायिकेची मुले मध्येच कुठे नाहीशी झाली?

मालिकेचा साचाच बदलत गेला. सप्टेंबर १९६८ मध्ये सीबीएस या वाहिनीवर ती सुरू झाली तेव्हा नायिका ही वडिलांच्या शेतमळ्यावर राहणारी, दोन मुलांची विधवा आई होती. पुढच्या वर्षी ती सॅन फ्रान्सिस्कोतल्या मासिकाच्या कचेरीत नोकरी करू लागली. नंतर बिऱ्हाडही शहरात आले, आणि चौथ्या वर्षी ती एकटी राहणारी पत्रकार झाली. मुलांचा उल्लेखही उरला नाही, त्याचे स्पष्टीकरणही दिले गेले नाही. मार्च १९७३ पर्यंत १२८ भाग झाले. नवऱ्याच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांत, मनाविरुद्ध स्वीकारलेले काम त्यांनी पाच वर्षे नेटाने केले आणि त्यातून देणी फेडली, हे या मालिकेकडे पाहताना विसरू नये.

१९. त्यांच्या जाहीर मैफलींची ध्वनिमुद्रणे मिळतात का? आणि कोणत्या तबकड्यांपासून सुरुवात करावी?

वाद्यवृंदाचे दिवस संपल्यावर त्यांनी प्रेक्षकांसमोर गाणे जवळजवळ बंद केले. थेट गाण्याचे त्यांना दडपण येई. ऑस्कर समारंभात ‘सीक्रेट लव्ह’ म्हणायलाही त्यांनी नकार दिला आणि ते अॅन ब्लाइथ यांनी गायले. म्हणून त्यांचा आवाज मिळतो तो स्टुडिओतला, रेडिओवरचा किंवा चित्रपटातला.

सुरुवातीला गाजलेल्या गाण्यांचे संकलन न घेता ‘डे बाय डे’ (१९५६) आणि ‘डे बाय नाइट’ (१९५७) ऐकावे. दोन्हींत पॉल वेस्टन यांचा वाद्यवृंद आहे. त्यानंतर आंद्रे प्रेव्हिन यांच्या पियानोबरोबरचे ‘ड्युएट’ (१९६२). तिथे पियानो, बेस आणि ड्रम यांच्यापलीकडे काहीच नाही, आणि श्वास कुठे घेतला, ओळीचा शेवट किती हळुवार सोडला, हे सगळे उघडे पडते. त्यांच्या आवाजाबद्दल शंका असणाऱ्याने हीच तबकडी ऐकावी. ‘द लव्ह अल्बम’ १९६७ मध्ये मुद्रित झाला, पण प्रसिद्ध व्हायला १९९४ उजाडले.

२०. चित्रपट सोडल्यावर त्यांनी काय केले? आणि २०११ च्या विक्रमाचे वय ८७ की ८९?

१९७० च्या दशकापासून त्यांनी स्वतःला प्राणिसेवेला वाहून घेतले. कॅलिफोर्नियातल्या कार्मेल भागात त्या राहत होत्या. १९७८ मध्ये प्राण्यांसाठी प्रतिष्ठान आणि १९८७ मध्ये कायदेविषयक पाठपुरावा करणारी ‘डॉरिस डे अॅनिमल लीग’ त्यांनी स्थापन केली. ही ओढ अचानक जडलेली नव्हती. ‘द मॅन हू न्यू टू मच’च्या चित्रीकरणात माराकेशमधल्या उपाशी जनावरांना खायला घातल्याशिवाय आपण काम करणार नाही, असे त्यांनी बजावले होते.

सप्टेंबर २०११ मध्ये ‘माय हार्ट’ हा अल्बम ब्रिटनमध्ये आला आणि पहिल्या दहांत पोहोचला. त्यातली बरीच गाणी १९८० च्या दशकात मुद्रित झाली होती आणि त्यांचा निर्माता त्यांचा मुलगा टेरी मेल्चर होता. तो २००४ मध्येच वारला होता. नव्या गाण्यांचा अल्बम पहिल्या दहांत नेणाऱ्या सर्वांत वयस्कर कलाकार म्हणून तेव्हा त्यांचे नाव झळकले आणि वय ८७ छापले गेले. जन्मदाखल्याप्रमाणे (प्रश्न ३) ते ८९ होते. जुन्या बातम्यांत आणि नंतरच्या लेखांत तफावत दिसते ती एवढ्याचमुळे. १३ मे २०१९ रोजी कार्मेल व्हॅली इथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले, तेव्हाचे वय मात्र सर्वत्र बरोबर छापले गेले : ९७.